ब्रिटिश काळातील गिरगावात निरनिराळ्या समाजांचे लोक एकत्र कसे राहत असत?

शेजारी राहत असत, पण सहसा मिसळून नव्हे. खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या मराठीभाषक) ख्रिस्ती कुटुंबांची कौलारू, बाहेरून लाकडी जिना असलेली घरे होती, थोड्याच अंतरावर कोकणातून आलेल्या मराठी कुटुंबांच्या चाळी होत्या आणि आसपास पाठारे प्रभू, गुजराती व पारशी वस्ती होती.

चाळीतील संसार एक-दोन खोल्यांचा असे. समोरच्या सामाईक गॅलरीत वाळत घातलेले कपडे, शेजारणींच्या गप्पा आणि मुलांचा अभ्यास हे सारे एकाच जागेत चाले. मजल्यावरचे नळ आणि शौचकूपही सामाईक असत, त्यामुळे सकाळी पाण्यासाठी रांग लागे. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये मुंबईत आले, तरी विहिरींचा वापर पुढे बराच काळ चालू राहिला. खोली देताना मात्र जात पाहिली जाई. ज्यांना अस्पृश्य मानले जाई त्यांना अशा बहुतेक चाळींची दारे बंद होती, आणि जुन्या गिरगावाच्या गोड आठवणी सांगताना ही गोष्ट गाळली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

खरी सरमिसळ घराबाहेर होई. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली, १९०७ मध्ये विजेची आली, आणि भाडे भरणारा कोणीही कोणाच्याही शेजारी बसू लागला. इराण्याच्या हॉटेलातला चहा हा त्यापुढचा टप्पा होता, कारण घरी सोवळे पाळणाऱ्यांची मुलेही तेथे सर्वांबरोबर एकाच टेबलाशी बसत.