पैसेवारी ४७ म्हणजे ४७ टक्के का?

परभणी जिल्ह्यातील एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या गावाची खरिपाची पैसेवारी, म्हणजे अपेक्षित उत्पन्नाच्या मानाने गावात प्रत्यक्ष आलेल्या पिकाचे सरकारी माप, ४७ लागली. बातमीत ‘४७ पैसे’ असे छापून आले, घरातील वडीलधारी माणसे ‘आठ आण्यांच्या आत लागली’ म्हणाली, बँकेतील परिचिताने ‘४७ टक्के’ म्हटले आणि सहावीतील मुलाने वहीत ०.४७ लिहून त्यापुढे ४७/१०० असे मांडले. हे सारे एकच आहे काय, पिकाच्या मोजमापात ‘पैसे’ कोठून आले, आणि ‘आणेवारी’ हा त्याच मापाचा जुना शब्द आता चुकीचा मानावा काय, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अंकापुरते ‘होय’ असे आहे. ०.४७, ४७/१००, ४७ टक्के आणि ४७ पैसे ही एकाच प्रमाणाची चार रूपे आहेत. परंतु प्रमाण नेहमी कशाचे तरी असते, आणि ते ‘कशाचे’ हे या चार रूपांपैकी फक्त ‘पैसेवारी’ या शब्दातच सांगितलेले असते. त्यामुळे अंक जुळला तरी शब्दांची अदलाबदल करताना अर्थ हातातून निसटू शकतो. त्याआधी आणे आणि पैसे यांचा उलगडा करू.

आणेवारी, पैसेवारी आणि टक्केवारी या तिन्ही शब्दांतील ‘वारी’ हा शेवट एकच असून तो ‘त्या त्या मापाने केलेली मांडणी’ असा अर्थ देतो. रुपयाचे आणे १६. म्हणून पूर्ण पीक ते सोळा आणे, निम्मे पीक ते आठ आणे, असे उत्पन्नाचे माप रुपयाच्या भाषेत सांगण्याची रीत पडली. मराठवाड्यात निजामाच्या राजवटीत चालणारा हाली रुपयाही सोळा आण्यांचाच होता, त्यामुळे नाणे वेगळे असूनही माप सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखेच कळत असे. सामाईक जमिनीतील वाटाही याच भाषेत सांगितला जाई. चार भावांत प्रत्येकाचा चार आणे हिस्सा आणि पाचवा वारस निघाला की आण्यांवरून पईंवर उतरणे भाग. एका आण्याच्या बारा पई, म्हणजे रुपयाच्या १९२. त्यांचे तीन किंवा सहा वाटे सरळ होतात, पाच मात्र होत नाहीत. गणिताच्या भाषेत सांगायचे तर आणेवारी हा ज्याचा छेद १६ ठरलेला आहे आणि म्हणून उच्चारावा लागत नाही असा अपूर्णांक आहे.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली आणि हा न उच्चारलेला छेद १६ वरून १०० झाला. त्यापूर्वीही पैसा होताच, पण तो रुपयाचा चौसष्टावा भाग होता. जुन्या हिशेबात आठ आणे म्हणजे बत्तीस पैसे. तेव्हा ‘पन्नास पैसे म्हणजे निम्मे पीक’ हे वाक्य १९५७ पूर्वी कोणी उच्चारले असते तर ऐकणाऱ्याने ते बारा आण्यांच्याही वर, साडेबारा आणे, असे समजून घेतले असते. नवा पैसा हा रुपयाचा शंभरावा भाग आणि टक्का हाही शंभरावाच भाग असल्यामुळे आज पैसेवारी आणि टक्केवारी यांचे आकडे जुळतात. पैसेवारीचा आकडा टक्क्यांसारखा दिसतो तो नाण्याच्या सुधारणेमुळे. पीक मोजणाऱ्यांनी टक्केवारी स्वीकारली म्हणून नव्हे.

आण्यांचे पैसे करताना १६ आणि १०० यांचे पटत नाही, हेही येथे पाहण्यासारखे आहे. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. चार, आठ, बारा आणि सोळा आणे हे अनुक्रमे २५, ५०, ७५ आणि १०० पैशांवर बिनचूक बसतात; मधले बसत नाहीत, म्हणून १९५७ च्या अदलाबदलीत एका आण्याचे सहा नवे पैसे आणि तीन आण्यांचे एकोणीस असे जवळचे आकडे धरावे लागले. चार आणे, आठ आणे, बारा आणे हे शब्द नाणी गेल्यानंतरही बोलण्यात टिकले आणि ‘सात आणे’, ‘अकरा आणे’ मात्र विरले, याचे कारण मला तरी या अंकगणितातच दिसते. आपल्या गावाचे ४७ पैसे म्हणजे ७.५२ आणे, साडेसात आण्यांहून केसभर अधिक. ‘आठ आण्यांच्या आत’ हे वडीलधाऱ्यांचे विधान म्हणून पूर्णपणे बरोबर आहे, आणि सीमारेषाच सांगायची असल्यामुळे नेमकेही आहे.

मराठवाड्याच्या जुन्या पिढीला असे न जुळणारे रूपांतर नवे नव्हते. हैदराबाद राज्य भारतात आल्यानंतर सात हाली रुपयांना सहा कलदार, म्हणजे भारत सरकारचे रुपये, असा दर होता. हे ६/७ दशांशात मांडायला गेल्यास ०.८५७१४२ पर्यंत जाऊन पुन्हा ८५७१४२ सुरू होते आणि संपतच नाही. टक्क्यांत ते ८५.७१ असे कोठेतरी तोडावे लागते. ‘साताला सहा’ या दोन शब्दांत मात्र काहीच सांडत नाही. अपूर्णांक हा दशांशाचा अडाणी पूर्वज आहे, अशी एक समजूत शाळांतून पसरलेली आढळते, आणि ती खोडायला एवढे उदाहरण पुरेसे आहे.

पैशांशी संबंध नसताना ‘पैसे’ का, या आक्षेपाविषयी इतकेच सांगता येईल की तोच आक्षेप ‘टक्का’ या शब्दावरही येईल. ‘टंक’ हे नाण्याचे आणि वजनाचे जुने नाव असून ‘टका’ हा त्याच कुळातला शब्द आहे. बांगलादेशाचे चलन आजही त्याच नावाने चालते. शुद्ध संख्यावाचक शब्द हवा असेल तर ‘शेकडा’ आहे. त्यात नाणे नाही, फक्त शंभर आहे.

आता ‘कशाचे’ या मूळ मुद्द्याकडे येऊ. पैसेवारी काढताना गावातील ठरावीक आकाराच्या प्लॉटमधील पीक कापून, मळून, तोलून आलेले उत्पन्न त्या पिकाच्या प्रमाण उत्पन्नाशी, म्हणजे एरवी अपेक्षित धरलेल्या उत्पन्नाशी, ताडून पाहतात. म्हणजे पैसेवारी हाती आलेल्याचे माप आहे, आणि तेही गावाचे. अतिवृष्टीनंतर होणाऱ्या पंचनाम्यातील टक्केवारी याच्या नेमकी उलट दिशेने मोजते. तिथे गेलेल्याचे माप असते, आणि ते शेतकऱ्याच्या स्वतःच्या क्षेत्राचे. आपत्तीच्या मदतीसाठी २०१५ पासून किमान ३३ टक्के नुकसानीची अट आहे, तर पैसेवारीत सवलतींसाठी ५० पैशांपेक्षा कमी ही रेषा आहे. त्यामुळे ‘४७’ आणि ‘५३’ हे दोन आकडे एकाच बातमीत आले तर ते परस्परांचे पूरक असतीलच असे नाही. ४७ पैसेवारीच्या गावात एखाद्याचे पीक ऐंशी टक्के आलेले असू शकते, आणि साठ पैशांच्या गावात नाल्याकाठच्या माणसाचे सगळेच गेलेले असू शकते. म्हणून ‘गावाची पैसेवारी ४७ टक्के’ असे लिहिणे अंकाने बरोबर, पण वाचणाऱ्याची हमखास दिशाभूल करणारे आहे. ‘४७ पैसे’ असेच लिहावे.

याच सवलतींच्या यादीतला आणखी एक आकडा शब्दचर्चेला उपयोगी आहे. पन्नास पैशांच्या आतील गावांना ज्या सवलती मिळत आल्या, त्यांत कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट ही एक असते. बोलताना तिला सर्रास ‘एक तृतीयांश सूट’ म्हटले जाते. एक तृतीयांश म्हणजे ३३.३३… टक्के, आणि ३३.५ टक्के म्हणजे ६७/२००. तीन हजारांच्या बिलावर पहिल्याने एक हजार सुटतात, दुसऱ्याने एक हजार पाच. फरक चहाच्या दोन कपांचासुद्धा नाही. पण ‘साडेतेहतीस टक्के’ हा सुटसुटीत मराठी शब्द हाताशी असताना चुकीचा अपूर्णांक वापरण्याचे कारण नाही.

वाढ आणि घट सांगताना हीच गफलत मोठी होते. एका गावाची पैसेवारी मागच्या वर्षी ४० होती आणि यंदा ५० झाली, तर ती दहा पैशांनी वाढली, पण पंचवीस टक्क्यांनी वाढली. ‘दहा टक्क्यांनी वाढली’ हे वाक्य वाचले की लिहिणाऱ्याला ४० चे ४४ म्हणायचे होते की ५०, हे कळायला मार्ग उरत नाही. पैसेवारीत निदान ‘पैसे’ हा वेगळा शब्द असल्यामुळे ही अडचण टळते. जिथे मूळ आकडाच टक्क्यांत असतो, तिथे ‘४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर’ असे दोन्ही टोके देऊन लिहिणे हा एकच सुरक्षित उपाय आहे.

‘शेकडा’ या शब्दाचेही असेच आहे. खेड्यात कोणी ‘शेकडा तीनने पैसे घेतले’ किंवा ‘तीन टक्क्याने घेतले’ असे सांगितले तर तो दर महिन्याचा असतो. वर्षाचे ते छत्तीस टक्के होतात. बँकेची भाषा दर साल दर शेकडा अशी असल्यामुळे तिथला बारा टक्के दर सावकाराच्या तीन टक्क्यांपेक्षा चौपट जड वाटतो, प्रत्यक्षात तो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका असतो. ही मासिक रीत फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त असेच एक उदाहरण आहे, ज्यात शंभराला महिन्याला पाच या दराने सोळांचे वर्षाचे व्याज विचारले आहे. शंभराला वर्षाचे साठ, म्हणून सोळांना ९.६; भास्कराचार्यांच्या रीतीने नऊ पूर्णांक तीन पंचमांश. पेरणीला उचललेली ज्वारी सुगीला ‘सवाई’ने फेडायची, या बोलीतही दर आहे, फक्त तो शेकड्याऐवजी पटीत सांगितला आहे. सवाई म्हणजे सव्वापट, म्हणजे वर पंचवीस टक्के, आणि तेही वर्षाला नव्हे तर पेरणीपासून सुगीपर्यंतच्या काही महिन्यांना.

‘सव्वा’ हा शब्द आला, म्हणून त्याच्या कुळाविषयी थोडे अधिक. मुलांना ‘१.२५ चे टक्के करताना चिन्ह दोन घरे उजवीकडे सरकवा’ असे शिकवले जाते. मराठीत हे सरकवण्याचे काम ‘शे’ हा प्रत्यय करतो. सव्वा म्हणजे १.२५, सव्वाशे म्हणजे १२५, दीड १.५, दीडशे १५०, अडीच २.५, अडीचशे २५०, पाऊण ०.७५ आणि पाऊणशे ७५. म्हणजे पाऊण या अपूर्णांकाला ‘शे’ लावला की त्याचे टक्के तयार. शब्दांची मूळ रचनाही हिशेबीच आहे. सव्वा हा ‘सपाद’, म्हणजे पावासह. पाऊण हा ‘पादोन’, म्हणजे पाव उणा. अडीच हा ‘अर्धतृतीय’, म्हणजे ज्यातले तिसरे अर्धेच आहे तो. साडेतीनसाठीही ‘अर्धचतुर्थ’ यावरून आलेला ‘औट’ हा शब्द होता आणि पावकी-निमकीच्या जोडीला औटकीही घोकली जाई. तो शब्द गेला, आणि म्हणून तुळजापूर व माहूर ही दोन ठाणी मराठवाड्यात असलेली शक्तिपीठे आज ‘साडेतीन’ म्हणूनच सांगितली जातात. दीड आणि अडीच मात्र टिकले, त्यामुळे ‘साडेएक’ व ‘साडेदोन’ होऊ शकले नाहीत.

दशांश वाचण्याविषयी एकच सूचना. ‘पॉइंट पंचवीस’ हा उच्चार टाळावा, कारण मग ‘पॉइंट तीन’ त्याहून लहान भासतो. ०.२५ हे ‘शून्य दशांश दोन पाच’ किंवा ‘पंचवीस शतांश’ असे वाचावे, आणि जमिनीच्या वा धान्याच्या व्यवहारात खुशाल ‘पाव’ म्हणावे.

‘आणेवारी’ टाकून द्यावी काय, याचे उत्तर असे की पद्धतीचे नाव म्हणून तो शब्द रूढ आहे आणि ‘आणेवारी जाहीर झाली’ या वाक्यात काही दोष नाही. मात्र आकडा जोडायचा असेल तर ‘आणेवारी ४७’ असे कदापि लिहू नये, कारण आणे सोळाच्या वर जात नाहीत.

सहावीच्या वर्गासाठी शेवटी एक खबरदारी सांगतो. प्रत्येक टिंब दशांशचिन्ह नसते. अडीच एकर जमीन गावात २.२० अशी लिहिली जाते, कारण एकराचे गुंठे चाळीस आणि टिंबापुढचे वीस हे गुंठे आहेत. दशांशात तेच २.५ होईल. आता २.२० आणि १.३० यांची बेरीज संगणकाला करायला सांगितली तर तो ३.५० म्हणेल, पण खरी जमीन चार एकर दहा गुंठे आहे, म्हणजे सव्वाचार एकर. सात-बाऱ्यावरील हेक्टर आणि आर यांच्यामधले टिंब मात्र खरोखर दशांशाप्रमाणे चालते, कारण हेक्टरचे आर शंभर असतात. वरचे अडीच एकर तिथे १.०१ हेक्टर म्हणून दिसतील. एकरातली नोंद म्हणूनच ‘२ एकर २० गुंठे’ अशी अक्षरांसह लिहावी.