आईसाठी छोटं असिस्टेड लिव्हिंग होम (वयस्कर माणसांना रोजच्या कामांत मदत मिळते असं राहण्याचं ठिकाण) बघताना सगळ्यात आधी काय विचारावं?

रात्री ड्युटीवर किती जण जागे असतात, हे आधी विचारा. मी पुण्यात अशाच एका छोट्या होममध्ये नर्स आहे. दिवसा माणसांची वर्दळ असते. धोका असतो तो रात्री लघवीला उठताना. झोपेतून एकदम उभं राहिलं की बीपी उतरू शकतं, त्यात बीपीची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर तोल जाण्याची भीती जास्त. म्हणून ऑफिसात बसून चहा घेण्याआधी बाथरूम पाहा: कमोडशेजारी घट्ट बसवलेला दांडा, कोरडी फरशी, रात्रभर जळणारा दिवा, पलंगावरून हात पोचेल अशी बेल. मात्र आईंना नळीने अन्न किंवा सतत ऑक्सिजन लागत असेल, तर चोवीस तास प्रशिक्षित नर्स असलेलीच जागा घ्या.