सुई टोचल्यानंतरचे पहिले दोन तास

रुग्णालयांत काम करणाऱ्या वाचकांच्या पत्रांत, वापरलेली सुई टोचल्यावर काय करावे याबद्दल तोच गोंधळ वारंवार दिसतो, म्हणून त्यांतील काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: सुई टोचल्यावर बोट पिळून रक्त काढावे आणि स्पिरिट लावावे, असे आम्हाला शिकवले गेले. ते योग्य आहे का? – परिचारिका प्रशिक्षणार्थी, सांगली

उत्तर: नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी. बोट पिळू नये, तोंडात घालू नये आणि त्यावर स्पिरिट किंवा ब्लीचही लावू नये.

प्रश्न: रात्री दोन वाजता, रक्त घेतलेल्या सुईला टोपण लावताना ती माझ्या बोटात गेली. रुग्णाचा एचआयव्ही अहवाल उपलब्ध नव्हता. "सकाळी सांगू," असे सहकारी म्हणाल्या आणि नंतर ते राहूनच गेले. आज पाचवा दिवस आहे. – परिचारिका, सोलापूर

उत्तर: आजच शासकीय रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरील उपचारांच्या केंद्रात, जा. 'सकाळी सांगू' या दोन शब्दांनी होणारे नुकसान मी इतकी वर्षे पाहते आहे, की हे उत्तर मला थोडक्यात देता येणार नाही. एचआयव्ही प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत घ्यायचा असतो, आणि 72 तास उलटल्यावर ते सुरू केले जात नाही, कारण विषाणू शरीरात पसरून स्थिरावण्याआधीच त्याला अडवायचे असते. रुग्णाच्या अहवालासाठीही थांबायचे नसते. डोस आधी घ्यावा. रुग्ण बाधित नसल्याचे पुढे निश्चित झाले, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध थांबवता येते, एरवी ते 28 दिवस पूर्ण करावे लागते. हे औषध शासकीय केंद्रांत मोफत मिळते. मात्र रात्रपाळीत ते हाती येत नसेल आणि कपाटाची किल्ली सकाळच्या पाळीकडे असेल, तर त्या रुग्णालयाने ही व्यवस्था केलेलीच नाही, असे मी मानते.

तुमची ती वेळ गेली आहे, पण घाबरून जाऊ नका. रुग्ण बाधित असला तरी अशा एका टोचण्यातून एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता सुमारे 0.3 टक्के, म्हणजे हजारात तिघांना, असते. रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला तो होण्याची शक्यता मात्र 6 ते 30 टक्के असते आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. रक्ताची पहिली तपासणी आज करून घ्या आणि पुढच्या तपासण्या केंद्र सांगेल त्या तारखांना चुकवू नका. तोवर रक्तदान करू नका आणि निरोध वापरा. घटनेची लेखी नोंदही आजच करा, कारण पहिल्या तपासणीचा कागद नसेल, तर लागण कामावर झाली हे पुढे सिद्ध करणे फार कठीण जाते. आणि वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका; ती नीडल कटरने तोडून थेट पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात टाकावी.

प्रश्न: माझी आई रुग्णालयात कंत्राटी सफाई कामगार आहे. काल लाल पिशवी बांधताना आतली सुई तिच्या हाताला टोचली. मुकादम म्हणतो, कंत्राटी कामगारांना लस मिळत नाही. – वाचक, नाशिक

उत्तर: मुकादमाचे म्हणणे चुकीचे आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार हा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. त्यातही लाल पिशवी प्लास्टिकच्या कचऱ्यासाठी असते, तिच्यात सुई असायलाच नको होती. ती ज्यांनी टाकली, त्यांच्या निष्काळजीपणाची शिक्षा तुमच्या आईने भोगू नये. त्यांना आजच्या आज अपघात विभागात न्या. लस झालेली नसेल, तर लसीबरोबर हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागू शकते आणि ते शक्यतो 24 तासांच्या आत द्यायचे असते. एचआयव्हीच्या औषधाचा निर्णयही तेथील डॉक्टरच घेतील. सुई तपासायला पाठवण्यात वेळ घालवू नका.

प्रश्न: एक खासगी प्रयोगशाळा 'तीन दिवसांत खात्री' देणारे तपासण्यांचे पॅकेज विकते. ते घ्यावे का? – प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पुणे

उत्तर: घेऊ नये. तिसऱ्या दिवशीच्या निर्दोष अहवालावरून या घटनेतून लागण झाली नाही असे ठरत नाही, आणि भीतीपोटी आलेल्या माणसाला अशी खात्री विकणे मला अत्यंत आक्षेपार्ह वाटते.

प्रश्न: हिपॅटायटिस बीचे तीन डोस दहा वर्षांपूर्वी झाले. शिबिरात बूस्टर घ्यायला सांगतात. – दंतवैद्यक साहाय्यक, कोल्हापूर

उत्तर: तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी तपासली होती का? ती तेव्हा 10 mIU/mL किंवा त्याहून अधिक आली असेल, तर निरोगी व्यक्तीला बूस्टरची गरज नसते. तपासलीच नसेल, तर शिबिरात नव्हे, तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन पुढचे ठरवा.

प्रश्न: रुग्णाचे रक्त डोळ्यात उडाले तर? – वॉर्डबॉय, लातूर

उत्तर: डोळा भरपूर पाण्याने किंवा सलाईनने धुवा आणि सुई टोचल्याइतक्याच तातडीने डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: रुग्णाला स्ट्रेचरवर घेताना कंबरेत लचक भरली. पट्टा बांधून काम चालू ठेवू का? – परिचारिका, पणजी

उत्तर: तपासणीआधी नको. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा जाणवत असेल, तर आजच अस्थिरोगतज्ज्ञांना भेटा, आणि लघवीवर नियंत्रण राहत नसेल, तर थेट अपघात विभागात जा. ही दुखापतही कामावरचीच आहे, म्हणून तिची नोंद त्याच पाळीत झाली पाहिजे.