वर्डमधली मॅन्युअल्स डिटामध्ये (मजकूर सुट्या तुकड्यांत लिहून हवा तिथे पुन्हा वापरायची एक्सएमएल पद्धत) न्यायची आहेत. पुन्हा वापरण्यासाठी मजकूर किती बारीक तोडावा?

वाक्याच्या खाली उतरू नका. अख्खी सूचना, अख्खी पायरी, अख्खा टॉपिक (म्हणजे एका विषयाचा स्वतंत्र तुकडा) पुन्हा वापरा. सुटे शब्द नकोत. आमच्या जुन्या टीम लीडना, म्हणजे सरांना, हेच सांगून माझा घसा बसला होता.

फवारणी यंत्रांची मॅन्युअल्स होती. पंप, टाकी, नळी, सगळ्यांची सफाई साधारण सारखीच. सरांनी एकच टॉपिक ठेवला आणि भागाच्या नावाच्या जागी कीरेफ लावला, म्हणजे शब्दाऐवजी एक खूण, 'की', ठेवली; तिच्या जागी काय छापायचं ते बाहेर मॅपमध्ये, म्हणजे टॉपिकांच्या मांडणीच्या फाइलीत, ठरतं. डिटा १.३ मध्ये, म्हणजे २०१५ पासून, एकाच मॅपमध्ये त्याच नावाच्या कीला प्रत्येक शाखेत वेगळा मजकूर देता येतो. इंग्रजीत काम चोख झालं, रिव्ह्यूत कौतुकही झालं. मी म्हटलं, "सर, हे मराठीत जाणार आहे, बागायतदारांसाठी. तो पंप, ती टाकी." उत्तर आलं, "ते ट्रान्सलेटर बघेल."

काय बघेल? तिच्यापुढे टॉपिक एकदाच आला, पंपाचा म्हणून. 'पंपाच्या आत' लिहायचं, तर तिने कीरेफच्या मागे नुसतं 'ाच्या' चिकटवलं. टाकीच्या प्रकरणात छापून काय आलं? 'टाकी', मग ठिपक्यांच्या गोलावर एकटाच बसलेला काना, मग 'च्या आत साचलेलं औषध धुवा'. खालच्या ओळीत 'टाकी कोरडा करून झाकण लावा'. नाशिककडच्या एका डीलरने फोन करून विचारलं, "तुमच्याकडे मराठी माणूस नाही का हो?" फोन मीच उचलला होता.

तर कीरेफ मॉडेल नंबरला लावा, हेल्पलाइनच्या नंबराला लावा. त्यांना ना लिंग, ना सामान्यरूप. सुरुवात धोक्याच्या सूचनांपासून करा. 'हातमोजे घातल्याशिवाय औषध कालवू नका' हे एकाच फाइलीत ठेवायचं आणि बाकी सगळीकडे कॉनरेफने, म्हणजे तो मजकूर जसाच्या तसा आणणाऱ्या दुव्याने, ओढायचं. त्या फाइलीला एकच मालक हवा, आणि हात लावण्याआधी ती सूचना कुठे कुठे ओढली आहे ते त्याने शोधून बघायचं. आमच्याकडे मालक सगळेच होते, म्हणजे कोणीच नव्हतं.

हां, तुमचं सगळं कायम इंग्रजीतच राहणार असेल तर सरांची पद्धत चालून जाते, उलट कामही वाचतं. पण ते 'कायम' सेल्सवाल्यांकडून लेखी घ्या.

सर अजून म्हणतात, चूक ट्रान्सलेटरची होती. तिला टॉपिक एकदाच दाखवला होता, सर.