सशाने गवत खाणे सोडले तर

प्रश्न : आमचा दोन वर्षांचा ससा अधूनमधून दिवसभर गवताला तोंड लावत नाही आणि त्याच्या लेंड्या बारीक होतात, गाजर व बिस्किटे मात्र तो आवडीने खातो. काय करावे?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : बिस्किटे आजच बंद करावीत आणि गाजर बोटाच्या पेराएवढेच द्यावे. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात व ते झिजतात ते सुके गवत तासन्‌तास चघळल्याने. ते पोटात गेले नाही, तर दाढांना धारदार टोके येऊन जीभ व गाल सोलले जातात आणि आतड्यांची हालचालही मंदावते. आपला ससा बाकीचे खातो पण गवत टाळतो, यावरून मला आधी दाढांचीच शंका येते. हनुवटीखालची लव लाळेने ओलसर, चिकट लागते का, ते हात फिरवून पाहावे. दाढा पशुवैद्यांकडूनच तपासून घ्याव्यात, कारण ओठ उचलून फक्त पुढचे दात दिसतात. खाणे किंवा लेंड्या 12 तास बंद राहिल्यास सकाळची वाट पाहू नये. घरात उरलेले अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तर तोंडावाटे मुळीच देऊ नये. त्याने आतड्यांतील उपयुक्त जिवाणू मरून ससा दगावू शकतो. पिंजरा बाल्कनीत असल्यास एप्रिल-मेमध्ये तो घरात आणावा, सशाला उष्मा सोसत नाही.