गोळी हातावर ठेवण्याआधी

प्रिय कॅप्टन,

पलटणीबरोबर तू दक्षिण सुदानला जाणार आहेस, हे तुझ्या आईकडून कळलं. आर.एम.ओ., म्हणजे पलटणीचा डॉक्टर, म्हणून पहिलीच परदेशी पोस्टिंग, आणि तीही फाल्सिपेरम या जिवावर बेतणाऱ्या मलेरियाच्या मुलखात. मलेरिया टाळण्यासाठी जवानांना कुठली गोळी द्यायची ते वरून आलेला आदेश सांगेलच. ती कशी द्यायची, यावर मला तुझ्याशी बोलायचं आहे.

त्यातल्याच एका गोळीची, मेफ्लोक्विनची, हकिगत नीट समजून घे. व्हिएतनाममध्ये क्लोरोक्विन हे मलेरियाचं जुनं औषध चालेनासं झालं, म्हणून अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेनं हे औषध विकसित केलं. १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आठवड्याला २५० मिलिग्रॅमची एकच गोळी, पलटणीला याहून सोयीचं काय असणार! पण २०१३ मध्ये अमेरिकेच्याच औषध प्रशासनानं त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला: चक्कर, तोल जाणं, कानात आवाज येणं हे त्रास औषध थांबवल्यावरही महिनोन्‌महिने राहू शकतात, कधी कायमचे. शिवाय भीती, भ्रम, नैराश्य. ब्रिटनमध्ये २०१६ साली संसदेच्या संरक्षण समितीनं बजावलं की, दुसरं काहीच चालत नसेल तेव्हाच हे द्या, आणि तेही प्रत्येक जवानाला समोर बसवून तपासल्यावर. त्याच वर्षी तिथले माजी लष्करप्रमुख लॉर्ड डॅनट यांनी कबूल केलं की ते स्वतः ही गोळी घेणार नाहीत. तिच्यामुळे मुलाची झालेली अवस्था त्यांनी पाहिली होती. त्यांनी जवानांची माफीही मागितली.

हा त्रास लवकर पकडता येत नाही, कारण तो फौजी आयुष्यातल्या नेहमीच्या ताणासारखाच दिसतो. माझ्या एम.आय. रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, एक लान्स नायक झोपेची गोळी मागायला आला होता. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेला, दार वाजलं की दचकायचा. घरची आठवण येत असेल, असं मी धरून चाललो. मेफ्लोक्विनचा तिसरा डोस होऊन चारच दिवस झाले होते, हे रजिस्टर उघडल्यावर दिसलं. भरतीच्या आधी त्याला नैराश्याचा आजार होऊन गेला होता. मी विचारलं होतं, पण चाळीस जणांच्या रांगेत, "कुणाला काही त्रास आहे का रे?" असं. कॅटेगरी, म्हणजे तंदुरुस्तीचा दर्जा, जाईल या भीतीनं तिथे कोण तोंड उघडणार? औषध त्याच दिवशी बंद केलं, पण ते रक्तातून अर्धं उतरायलाच दोन-तीन आठवडे लागतात. ते आठवडे त्यानं कसे काढले, ते मी पाहिलंय.

म्हणून एकेकाला आत बोलव, दार लावून घे. झोप, फिट, नैराश्य, घरात कुणाला मानसिक आजार, सगळं विचार, आणि त्याच्याच भाषेत. मेफ्लोक्विन द्यायचंच ठरलं, तर निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू कर, म्हणजे त्रास इथेच दिसेल.

पण गोळीच्या भीतीनं गोळीच सोडून देऊ देऊ नकोस. २००३ मध्ये लायबेरियात उतरलेल्या अमेरिकी मरीनपैकी ऐंशीच्या आसपास जण मलेरियानं आजारी पडले. बहुतेकांनी गोळ्या नियमित घेतल्याच नव्हत्या. मेफ्लोक्विनऐवजी डॉक्सिसायक्लिन असेल तर रोज १०० मिलिग्रॅम, पेलाभर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. कातडी उन्हानं लवकर करपते, म्हणून बाह्या खाली. आणि परतल्यावर चार आठवडे चालू ठेवायचं. रजेवर गावी पोचलेला जवान नेमकं हेच विसरतो. त्याच्या बायकोचा नाहीतर आईचा फोन नंबर आधीच लिहून घे. प्रायमाक्विन हे मलेरियाचं आणखी एक औषध द्यायची वेळ आली, तर जी-सिक्स-पीडी हे रक्तपेशींतलं एन्झाइम कमी नाही ना, हे तपासल्याशिवाय देऊ नकोस.

जवानांना विचारायच्या प्रश्नांचा कागद तयार केलास की मला पाठव. हिंदीत लिही. मी वाचून दोन दिवसांत परत करतो.

तुझा,
सर