मिरजेत राहून सेल्स अकाउंट एक्झिक्युटिव्हची नोकरी घ्यावी का? इंजिनीअरिंग झालेलं नाही, सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की बीकॉम झालंय, घर मिरजेत आहे, कटिंग टूल्सच्या (मशीनवर धातू कापायच्या हत्यारांच्या) एका कंपनीने सांगली-कुपवड भागासाठी बोलावलंय, पण मशीनमधलं काही कळत नाही आणि स्वभाव अबोल आहे. मी याच धंद्यात आहे, म्हणून लिहितो. नोकरी घ्या. फक्त सहीआधी काही गोष्टी विचारून घ्या, त्या खाली येतीलच.

अबोल असण्याची काळजी सोडा. कुपवडच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये चार मशीन चालू असताना तुमचं भाषण कुणाला ऐकूही येत नाही. नवीन गिऱ्हाईक मिळवणं हे या कामातलं थोडंसं काम. उरलेलं सगळं म्हणजे हाताशी असलेले कारखाने सांभाळणं (नावातला 'अकाउंट' म्हणजे हेच गिऱ्हाईक): कुणाचा माल संपत आलाय, कुणाकडे नवीन व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) येतंय, कुणाचं बिल स्टोअरच्या सहीसाठी अडकलंय. त्यासाठी वही लागते आणि दिलेल्या वेळी फोन करायची सवय लागते. कंपनी गिऱ्हाईकांच्या नोंदींचं सीआरएम ॲप देईल, त्यात रोज नोंदी टाका. तरी ऑपरेटरचं नाव, त्याची शिफ्ट, मालकाचा मुलगा धंद्यात आलाय का, हे सगळं स्वतःच्या वहीतच राहतं.

निर्णय कोण घेतो हे आधी हुडकायचं. छोट्या वर्कशॉपमध्ये मालक घेतो असं वाटतं, पण ऑपरेटरने "हा इन्सर्ट चालत नाही साहेब" म्हटलं की विषय संपला. इन्सर्ट म्हणजे टूलच्या टोकाला बसवायचा, धातू कापणारा बदलता तुकडा. मोठ्या कारखान्यात, म्हणजे किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणी, पर्चेसवाला दर बघतो, प्रॉडक्शनवाला टूल लाइफ (टूल किती काम देऊन झिजतं ते) बघतो आणि पैसे सोडतो अकाउंट्सवाला. तिघांशी तीन वेगळ्या गोष्टी बोलायच्या. पर्चेसच्या केबिनबाहेर बसून राहणारे खूप असतात. तुम्ही शॉप फ्लोअरवर जाऊन ट्रायल मागा.

ट्रायलमध्ये तुमचं बीकॉम कामाला येतं. समजा तुमचा इन्सर्ट १८० रुपयांचा आणि समोरच्याचा १४० चा, दोन्हीला चार कोपरे, एक बोथट झाला की फिरवून दुसरा वापरायचा. तुमच्या एका कोपऱ्यावर ६० जॉब (मशीनवर बनवायचे पार्ट) निघतात, त्याच्या ४०. म्हणजे तुमचे २४० जॉब, खर्च जॉबमागे ७५ पैसे. त्याचे १६० जॉब, साडेसत्त्याऐंशी पैसे. वर कोपरा बदलायला मशीन थांबतं तो वेळ वेगळाच. हे त्यांच्याच मशीनवर, त्यांच्याच मटेरियलवर, ऑपरेटरसमोर मोजून कागदावर लिहून द्या आणि सुपरवायझरची सही घ्या. मग डिस्काउंटचं बोलणं बरंच कमी होतं. ट्रायल फसली तर तेही लिहा आणि इन्सर्टचा कुठला ग्रेड (प्रकार) पुढच्या वेळी आणणार ते सांगा. कास्ट आयर्न, स्टील, स्टेनलेस यांना वेगळे ग्रेड लागतात, एवढं पहिल्या महिन्यात पाठ झालं तरी पुरे. बाकीचं ऑपरेटर शिकवतात, आणि आनंदाने शिकवतात. त्यांना सहसा कुणी काही विचारतच नाही.

आता पैसे. आपल्याकडे ऑर्डर मिळणं तितकं अवघड नाही, वसुली अवघड. "पुढच्या आठवड्यात बघू" हे वाक्य रोज ऐकाल. इथे एक नियम माहीत असू द्या: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर करून पैसे पुढच्या आर्थिक वर्षात दिले, तर २०२३ च्या अर्थसंकल्पातून आलेल्या तरतुदीमुळे त्या खर्चाची आयकरातली वजावट गिऱ्हाईकाला या वर्षी मिळत नाही. तुमची कंपनी स्वतः माल बनवणारी आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेली सूक्ष्म किंवा लघु कंपनी असेल, तर बिलावर उद्यम क्रमांक छापून घ्या. मार्चमध्ये, आर्थिक वर्ष संपताना, त्या क्रमांकाने जेवढं काम होतं तेवढं दहा फोनने होत नाही. नुसत्या ट्रेडरला मात्र हा फायदा नाही, मध्यम उद्योगालाही नाही. तेव्हा आपली कंपनी कशात बसते हे पहिल्याच आठवड्यात अकाउंट्सला विचारा.

हंगामही बघा. साखर कारखाने गाळप संपलं की उन्हाळ्यात-पावसाळ्यात ओव्हरहॉलिंगला घेतात, त्यांचे पार्ट करून देणाऱ्या वर्कशॉपना तेव्हा काम असतं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र कृष्णा चढायला लागली की सगळं सांगली आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी बघत बसतं. २०१९ किंवा २०२१ सारखा पूर आला तर त्या महिन्याच्या टार्गेटचा विषय कुणी काढूच नये. आपल्या मॅनेजरने पुण्यात बसून काढला तर तो भाग वेगळा.

सहीआधी हे विचारा. इन्सेंटिव्ह ऑर्डरवर मिळणार की पैसे जमा झाल्यावर? पगारात फिक्स किती, व्हेरिएबल किती? मागच्या वर्षी टीममधल्या किती जणांनी टार्गेट गाठलं? पेट्रोलचे पैसे किलोमीटरवर की ठोक? आणि सगळ्यात महत्त्वाचं, या भागाची जुनी थकबाकी कुणाच्या नावावर? आधीचा माणूस सोडून गेला असेल तर बहुतेक वेळा त्याची अडकलेली बिलं नव्याच्या गळ्यात पडतात, आणि त्यामुळे सहा महिने इन्सेंटिव्ह दिसत नाही. थकबाकीची यादी मेलवर मागा. द्यायला टाळाटाळ केली तर ती ऑफर सोडा, कुपवडमध्ये दुसरी मिळेल.

अकाउंटिंगची नोकरी जास्त सुरक्षित का, हेही तुम्ही विचारलंय. पगार तारखेला होईल, बस्स. पण फिरायचा कंटाळा असेल तर खरंच तीच घ्या, कारण उन्हात दुचाकीवर पलूस-विटा-इस्लामपूर करणं सगळ्यांना झेपत नाही.